आधी स्वतःला टोचले

करमाडचे नाव ८ मे २०२० रोजी देशभर गेले. टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर करमाडजवळ लोहमार्गावरच थकून झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सापडले. त्या काळात लागू केलेला साथरोग कायदा मूळचा फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगच्या दिवसांतला. तेव्हाही माणसे गावाकडे धावत होती. मुंबई जवळजवळ निम्मी ओस पडली होती. रोगाची भीती होतीच, पण सरकारी इस्पितळाची त्याहून मोठी!

त्या मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन येऊन दाखल झाले. जन्म १८६० चा, ओडेसातल्या ज्यू घरातला. शास्त्रज्ञ म्हणून घडले ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. पटकीची लस त्यांनी १८९२ मध्ये आधी स्वतःवरच आजमावली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या संसारावर तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या आणि उतरल्याही. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. आगाखानांनीही अनुयायांसमोर दंड पुढे केला.

त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर तपासणीसाठी स्वयंपाकघरात आणि देवघरात घुसत होते. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. साथ एकच, सरकारही एकच. फरक दार ठोठावणाऱ्या माणसाचा होता, असे मला वाटते.

पण हाच विश्वास सरकारने हाफकिनांवर मात्र ठेवला नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनांना पदावरून दूर केले गेले. पुढे कळले ते असे, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये बाजू मांडली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. निरपराध माणसाची ऐन उमेदीची पाच वर्षे गेली!

ते पुन्हा भारतात आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते दूर युरोपात होते. लग्न केलेच नव्हते. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.