पंडिता रमाबाई : शास्त्रार्थाकडून सेवेकडे

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव या लहानशा स्थानकावरून जाते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावी. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरविलेल्या या विदुषीने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या निर्णयाची सुरुवात मात्र एखाद्या धर्मचर्चेत झाली नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृतचा वारसा घरातूनच मिळाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला शिकविले. मुलीला पुराणे मुखोद्गत झाली ती आईकडून. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर गुजराण करणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळात वाताहत झाली. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. आईच्या तिरडीला चार खांदेकरीही मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले. तिसरा खांदेकरी भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. भुकेची ही ओळख त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढे भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षांतच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवीत. तेथून सावरून बाहेर पडलेल्या काही स्त्रिया रमाबाईंना भेटल्या. अशा स्त्रियांना कोणी जवळ करते, हेच त्यांना नवे होते. धर्मशास्त्रे त्यांनी वाचली होती आणि त्यांत स्त्रीविषयी काय लिहिले आहे तेही त्यांना ठाऊक होते. हे प्रेम कोठून येते, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. उत्तरादाखल भगिनीने विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. अमेरिकेत निधी जमवून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथीलच विद्यार्थिनी. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन होते. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांची तक्रार निराधार नव्हती. पण त्या मुलींना शिकविण्यासाठी दुसरे दारही तेव्हा फारसे कोठे उघडे नव्हते, हेही नोंदवायला हवे.

१८९६-९७ च्या दुष्काळाने या साऱ्या वादाला मागे टाकले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील छावण्यांतील सांगाडे झालेल्या मुली पाहताना त्यांना आपलेच पूर्वायुष्य आठवले. पैशाची तजवीज नसताना त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. तेव्हा पुण्यात प्लेग होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरता निवारा उभारून संसार थाटला गेला. मुक्तिसदनाचा पाया असा घातला गेला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींसाठी रोज भाकरी भाजणे हेच केवढे काम! विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकविले. आणि फुलहॅमला पाहिले होते तसेच एक घर येथेही उभे राहिले. वाट चुकलेल्या, फसविल्या गेलेल्या स्त्रियांच्या या घराचे नाव रमाबाईंनी कृपासदन असे ठेवले.

पोशाख आणि शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात उतारवयाची वर्षे गेली. अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे, हा त्यांचा आग्रह होता. आश्रमाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. त्यानंतर वर्षही सरले नव्हते, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच डोळे मिटले.