शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या महाराष्ट्रात अनेक थोर पुरुष होऊन गेले. त्यांपैकी एक म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते राजे नव्हते की पुढारी नव्हते. ते आपल्या गुरुजींसारखे मास्तर होते.

त्यांचा जन्म १८५३ साली कोकणात दापोलीजवळ मुरूड गावी झाला. मॅट्रिकच्या पुढे ते कॉलेजात गेले नाहीत. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी त्यांनी शिकवले. शाळा सांभाळून ते ताऱ्यांचा आणि जुन्या ग्रंथांचा अभ्यास करीत.

एका फार जुन्या ग्रंथात लिहिले होते की कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवतात. पण आता त्या पूर्वेच्या उत्तरेला सरकून उगवतात. मग जुनी माणसे खोटे बोलली का? नाही. पृथ्वी भोवऱ्यासारखी हळूहळू डुलते, म्हणून ताऱ्यांची जागा बदलते. दीक्षितांनी गणित केले आणि ते लिहिणे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे आहे असे काढले. मला हेच सगळ्यात आवडले. थंडीत आमच्या खळ्यावरून कृत्तिका दिसतात, द्राक्षाच्या बारक्या घडासारख्या.

पंचांग आभाळाशी जुळले पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो आणि आपली संक्रांत येते १४ जानेवारीला! त्यांनी इतरांबरोबर सायन पंचांग काढले. लोकांनी काही ऐकले नाही. तिळगूळ आपण अजून जानेवारीतच खातो.

१८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ छापून आला. दोनच वर्षांनी, १८९८ साली ते वारले. वयाची ४५ वर्षेसुद्धा पुरी झाली नव्हती.

त्यांच्या वेळी आभाळात उपग्रह नव्हते. पहिला उपग्रह रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ ला सोडला. तो लहान होता, म्हणून लोकांना दिसले ते जास्त करून त्याच्या मागून फिरणारे रॉकेटच. १९ एप्रिल १९७५ ला आपला उपग्रह गेला. त्याचे नाव आर्यभट. या आर्यभटाची माहिती दीक्षितांच्या ग्रंथात आहे.

पालकांनो, तिकांडं आणि खाटलं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्यामधून एखादी चांदणी सरळ चालत गेली, आवाज नाही, लाल दिवा नाही, तर तो उपग्रह. पृथ्वीच्या सावलीत शिरला की मधेच दिसेनासा होतो. रिकामे रॉकेट गडगडत असले तर कमीजास्त चमकते. मढला पावसाळ्यात ढगच ढग, तेव्हा दिवाळीनंतर अंधार पडल्या पडल्या बघा. किती वाजता दिसला आणि कोणत्या ताऱ्याजवळून गेला, ते वहीत लिहून ठेवा.

— इयत्ता चौथी