डॉक्टर जेरुशा झिराड

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेस, झिराड नावाचे एक गाव आहे. भोवती भाताची खाचरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. या गावाचे नाव आपले आडनाव म्हणून लावणारी काही कुटुंबे बेने इस्राएल समाजाची आहेत. हे लोक धर्माने यहुदी. आपल्या पूर्वजांचे गलबत शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून जे थोडे वाचले ते कोकणातच राहिले, अशी त्यांच्यात परंपरागत समजूत आहे. ते तेलाचा घाणा चालवीत. यहुदी धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा त्यांची मराठी. स्त्रिया नऊवारी नेसत. आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर ते मराठीत कीर्तनेही करीत. संख्येने मात्र हा समाज अगदी लहान होता. पुढे इंग्रजी अमदानीत यांतील पुष्कळ जण सैन्यात आणि सरकारी नोकरीत शिरले व कोकणाबाहेर पांगले.

अशाच एका कुटुंबात १८९१ साली, तत्कालीन म्हैसूर संस्थानातील शिवमोगा या गावी, जेरुशाचा जन्म झाला. शाळेसाठी ती पुण्यास आली. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी पुण्यात मुलींसाठी जी शाळा काढली, आणि जी पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आली, तीच ही शाळा. मुलींनी इंग्रजी शिकावे की नाही, यावर त्या काळी वर्तमानपत्रांतून मोठी खडाजंगी होत असे. वाद घालणारे वाद घालीत राहिले आणि मुली शिकत राहिल्या!

डॉक्टर होण्याचा निश्चय जेरुशाने लहान वयातच केला होता. तिची बहीण एकदा फार आजारी पडली. मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन नावाच्या बाईंनी तिच्यावर उपचार केले आणि ती बरी झाली. आपणही असेच व्हावे, हे तेव्हापासून जेरुशाच्या मनाने घेतले.

येथे या रुग्णालयाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या काळी पुरुष डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घेण्यास आपल्याकडील स्त्रिया तयार नसत. जीव गेला तरी चालेल, पण परपुरुषाने नाडी पाहू नये, अशी कित्येक घरांतील रीत होती. आणि स्त्री-डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दार मुलींना उघडले. त्यासाठी सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ आणि किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी यांनी खटपट करून निधी जमविला होता. पेस्तनजी होरमसजी कामा या दानशूर पारशी गृहस्थांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. १८८६ साली उघडलेल्या या रुग्णालयात रोगी स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रियाच असत.

ग्रँट महाविद्यालयातून जेरुशाने १९१२ साली वैद्यकाची पदवी घेतली. परंतु तिला प्रसूतिशास्त्राचे सर्वोच्च शिक्षण हवे होते, आणि ते इंग्लंडला गेल्यावाचून मिळण्यासारखे नव्हते. खर्च मोठा, घरची परिस्थिती बेताची. परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या होत्या, पण त्या पुरुषांसाठी! गुण आहेत, जिद्द आहे, कामाची निकड तर शहराच्या प्रत्येक चाळीत दिसते आहे. आणि तरीही अडसर आहे तो केवळ स्त्री असण्याचा. अशा वेळी पुष्कळांनी दैवाला बोल लावून स्वस्थ बसणे पत्करले असते. जेरुशाबाईंनी प्रयत्न सोडला नाही. अखेर हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. इंग्लंडमधील शिक्षणासाठी ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकाचे स्वतंत्र विद्यालय १८७४ पासून चालू होते. जेरुशाबाई तेथे शिकल्या. तो पहिल्या महायुद्धाचा काळ. रात्री शहरावर शत्रूच्या विमानांची फेरी होई, रस्त्यांवरील दिवे मंद केलेले असत. पुरुष डॉक्टर मोठ्या संख्येने रणांगणावर गेल्यामुळे रुग्णालयांतील पुष्कळशी कामे स्त्री-डॉक्टरांवर येऊन पडली. या धामधुमीत जेरुशाबाईंनी अनुभव घेतला, आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळविली. ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

स्वदेशी परतल्यावर काही वर्षे त्या बेंगळूरच्या प्रसूतिरुग्णालयात होत्या. नंतर त्या मुंबईस आल्या आणि १९२८ साली कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. या पदावर आजवर परदेशी बायकाच आलेल्या; भारतीय स्त्रीची ही पहिलीच नेमणूक. १९४७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, त्यांनी हा भार वाहिला.

त्यांच्या आयुष्यातील ज्या कामाविषयी मला विशेष सांगावयाचे आहे, ते मात्र शस्त्रक्रियेच्या दालनातील नव्हे. ते आहे चौकशीचे, नोंदीचे आणि हिशेबाचे काम. असले काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून ते नीट समजून घ्या.

त्या काळी बाळंतपणात स्त्रिया फार मरत. कोणी बाळंतज्वराने, कोणी रक्तस्रावाने, कोणाला झटके येऊन. घरोघर हे दुःख इतके परिचयाचे झाले होते की, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे लोक सहज बोलून जात. पण मुंबईत नेमक्या किती माता मरतात, कशाने मरतात, आणि त्यांपैकी किती वाचविता आल्या असत्या, याचे नीट उत्तर कोणापाशी होते? रुग्णालयात मेलेल्या बाईची नोंद तेथे असे. घरी मेलेल्या बाईच्या नावापुढे दप्तरात नुसता ताप असे लिहिले जाई. आठ दिवसांपूर्वी ती बाळंत झाली होती, हे त्या एका शब्दावरून कसे कळावे? अशा चौकशीत मृत्यूमागून मृत्यूचा माग घ्यावा लागतो. बाळंतपण कोणी केले? सुईणीचे हात धुतलेले होते काय? दुखणे केव्हा सुरू झाले? दवाखान्यात नेण्यास किती वेळ गेला? आणि हे विचारावयाचे कोणाला? ज्या घरातील माणूस नुकतेच गेले, त्या घरातील माणसांना!

हे काम १९३७-३८ मध्ये जेरुशाबाईंनी हाती घेतले. मुंबई शहरातील मातृमृत्यूंच्या कारणांचा त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. एका रोग्याला बरे करणे ही वैद्याची विद्या. परंतु सगळ्या शहरातील मातांच्या मृत्यूंचा हिशेब मांडून, मरण कोणत्या वाटेने घरात शिरते हे दाखविणे, ही सार्वजनिक आरोग्याची विद्या होय. ती वाट एकदा दिसली की ती बुजविण्याचा उपाय शोधता येतो.

मुंबईत मातांच्या मृत्यूचे एक मोठे कारण रक्तक्षय हे होते. त्यावर याच शहरात आणखी एका बाईंनी संशोधन केले होते. लंडनच्या त्याच विद्यालयात शिकलेल्या डॉ. लूसी विल्स १९२८ साली मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडतात, याचे मूळ त्यांच्या निकृष्ट आहारात आहे, असे त्यांना आढळले. यीस्ट नावाच्या किण्वाचा अर्क दिल्यावर या स्त्रिया सुधारू लागल्या. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणतात.

गिरणगावातील त्या बायकांसारख्याच, पोटासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांतील कितीतरी स्त्रिया आज पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात राहतात. त्या गरोदरपणी सरकारी दवाखान्यात गेल्या म्हणजे त्यांना लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांत हेच फॉलिक अ‍ॅसिड असते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी गोळ्यांची पट्टी असेल, तर तिच्यावरील नाव वाचून पाहा. मातांच्या मृत्यूंची मोजणीही आता नियमाने होते. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, अशी सरकारी नोंद आहे. सबंध देशात हा आकडा ९७ होता.

जेरुशाबाई केवळ रुग्णालयात रमणाऱ्या नव्हत्या. आपल्या लहानशा समाजाकडेही त्यांचे लक्ष असे. लंडनमधील उदारमतवादी यहुद्यांच्या विचारांचा परिणाम होऊन त्यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही संस्था काढण्यात पुढाकार घेतला. देशातील स्त्री-डॉक्टरांच्या संघटनेच्याही त्या अध्यक्षा होत्या. १९४७ साली इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने त्यांना आपले फेलो करून घेतले, आणि १९६६ साली भारत सरकारने पद्मश्री दिली.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र निर्माण झाल्यावर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे निघून गेली. पण तेथेही कित्येक घरांत मराठी बोलली जात राहिली. जेरुशाबाई मात्र येथेच राहिल्या. १९८४ साली, वयाच्या ब्याण्णव-त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लहानपणी आजारी बहिणीच्या निमित्ताने ज्याच्याशी त्यांचा संबंध आला, ते कामा रुग्णालय मुंबईत आजही स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी चालू आहे.