विश्लेषण : हेलियमचा शोध खरेच विजयदुर्गवर लागला का? ग्रहणांमागे जगभर फिरलेले नॉर्मन लॉकियर कोण होते?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत. ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने ते ओळखले जातात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सर नॉर्मन लॉकियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच कट्ट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे पर्यटकांना सांगितले जाते. दरवर्षी १८ ऑगस्टच्या आसपास हीच माहिती मोबाइलवरही फिरते. किल्ला खरा, कट्टे खरे, साहेबही खरे. तारीख मात्र जुळत नाही. लॉकियर विजयदुर्गला आले होते, पण ३० वर्षांनंतर. दोन मिनिटांच्या अंधारासाठी हा माणूस इतक्या लांब का आला, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

कोण होते लॉकियर?

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे झाला. विज्ञानाची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. १८५७ मध्ये ते लंडनला ब्रिटिश सरकारच्या युद्ध कार्यालयात कारकून म्हणून लागले. दिवसा फायली आणि रात्री दुर्बीण, असा त्यांचा क्रम होता. विम्बल्डनच्या घरी त्यांनी चंद्र आणि ग्रहांची निरीक्षणे सुरू केली. पुढे सूर्य हाच त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला.

त्यांची दुसरी ओळख आजही रोज वापरात आहे. ‘नेचर’ हे जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिक त्यांनी सुरू केले. पहिला अंक ४ नोव्हेंबर १८६९ रोजी निघाला आणि त्यानंतर ५० वर्षे तेच संपादक होते.

१८ ऑगस्ट १८६८ ला ते कुठे होते?

इंग्लंडमध्ये. त्या दिवशीच्या ग्रहणाची सावली दख्खन ओलांडून गेली. जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम ही ठिकाणे तिच्या पट्ट्यात होती. जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, तर गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन उपकरणे लावून बसले होते. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. त्या महिन्यात कोकणातले आभाळ कसे असते, हे वेगळे सांगायला नको.

ग्रहण लागताच सूर्याच्या कडेवर लालसर ज्वाला दिसल्या. जान्सेन यांनी स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत वेगळा करणाऱ्या उपकरणातून त्या पाहिल्या. रंगांचा सलग पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. याचा अर्थ या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे जान्सेन यांना वाटले. दुसऱ्याच दिवशी, लख्ख उन्हात, त्यांनी त्या पाहिल्याही.

मग लॉकियर यांचा वाटा कोणता?

हीच कल्पना लॉकियर यांनी १८६६ मध्येच मांडली होती. दिवसा या ज्वाला दिसत नाहीत, कारण आकाशात विखुरलेला सूर्यप्रकाश त्यांना झाकून टाकतो. स्पेक्ट्रोस्कोपने प्रकाश पसरवला, की आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत वाटला जाऊन फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्याच रेषांत एकवटलेला असल्याने तितकाच ठळक राहतो. गोंगाट कमी करून आवाज स्पष्ट ऐकावा, तसाच हा प्रकार.

अडचण उपकरणाची होती. पुरेसा ताकदवान स्पेक्ट्रोस्कोप तयार होऊन हाती येईपर्यंत १६ ऑक्टोबर १८६८ उजाडला. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लॉकियर यांना ग्रहणाशिवाय त्या रेषा दिसल्या. त्यांचे पत्र आणि जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच दिवशी वाचले गेले. श्रेयाचा वाद झाला नाही. १८७२ मध्ये फ्रान्सने दोघांचेही चेहरे असलेले पदक काढले.

हेलियम नेमका कसा सापडला?

ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात. ही रेषा ५८७.६ वर होती. फरक किरकोळ दिसतो, पण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या ठरलेल्या असतात. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोग करून पाहिले. पृथ्वीवरच्या ओळखीच्या कोणत्याही द्रव्याशी ही रेषा जुळेना. सूर्यात एखादे अनोळखी मूलद्रव्य असावे, या निष्कर्षाला ते आले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले.

अनेक रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य कसे मानायचे, हा त्यांचा आक्षेप होता. उत्तर मिळायला २७ वर्षे लागली. १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. नमुना तपासणीसाठी लॉकियर यांच्याकडेही आला. सूर्यात पाहिलेली ती रेषा आता त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत चमकत होती.

ग्रहणाशिवाय काम होत होते, तर ते ग्रहणांमागे का फिरले?

लॉकियर यांच्या आयुष्यातला सर्वात रंजक प्रश्न हाच आहे. ज्वाला पाहायला ग्रहणाची गरज नाही, हे ज्यांनी दाखवले, त्यांनीच १८७० ते १९०५ या काळात आठ ग्रहण मोहिमांचे नेतृत्व केले. कारण होते प्रभामंडल, म्हणजे सूर्याचा बाहेरचा पांढुरका मुकुट. आज अनेक जण त्याला ‘कोरोना’ म्हणतात.

प्रभामंडलाचा उजेड सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखांश असतो. स्पेक्ट्रोस्कोपची युक्ती त्याच्यापुढे चालली नाही. सूर्य ९९ टक्के झाकला तरी उरलेला एक टक्का प्रभामंडलापेक्षा हजारो पटींनी प्रखर असतो. म्हणूनच ९९ टक्के ग्रहण आणि खग्रास ग्रहण यांत फरक एका टक्क्याचा नसून दिवस आणि रात्रीचा असतो. सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात स्वतः जाऊन उभे राहण्याशिवाय तेव्हा पर्यायच नव्हता.

तिथे उभ्या असलेल्याला काय अनुभव येतो? तासाभराहून अधिक काळ विशेष काही घडत नाही. ऊन हळूहळू फिके होते, हवा गार पडते. शेवटच्या काही मिनिटांत मात्र सगळे झपाट्याने बदलते. पश्चिमेकडून अंधार अंगावर धावून येतो. सूर्याचा शेवटचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकतो आणि विझतो. जिथे सूर्य होता तिथे काळी चकती, भोवती रेशमी मुकुट, कडेला लाल ज्वाला. भरदिवसा ग्रह दिसतात आणि क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळचा रंग चढतो. हे सारे सहसा दोन-चार मिनिटांत आटोपते. पृथ्वीवर कुठेही ते साडेसात मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

मोहिमा किती यशस्वी झाल्या?

पहिलीच मोहीम संकटात सापडली. डिसेंबर १८७० मध्ये सिसिलीजवळ त्यांचे ‘सायकी’ हे जहाज खडकावर आदळले. माणसे आणि उपकरणे वाचली. ग्रहणाच्या दिवशी मात्र आभाळ भरून आले आणि लॉकियर यांना प्रभामंडल जेमतेम क्षणभर दिसले.

पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १२ डिसेंबर १८७१ चे ग्रहण त्यांनी आजच्या केरळमधील बेकल किल्ल्यावरून पाहिले. या वेळी आकाशाने साथ दिली. जान्सेन त्याच ग्रहणासाठी निलगिरीत होते. १८७८ मध्ये लॉकियर अमेरिकेत वायोमिंगला गेले. १८८२ चे ग्रहण तर १७ मे रोजी, त्यांच्या ४६ व्या वाढदिवशी आले. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या सोहाग गावी सूर्य झाकला गेला, तेव्हा शेजारी एक धूमकेतू उभा दिसला. त्याआधी तो कोणाच्याही नजरेस पडला नव्हता.

मग १८९६ चे नॉर्वे. वादसो येथे ‘व्होलाज’ या युद्धनौकेच्या खलाशांना लॉकियर यांनी निरीक्षणासाठी तयार केले. सराव चोख झाला आणि ९ ऑगस्टला ढग आडवे आले. त्याच ग्रहणात नोव्हाया झेमल्या बेटावर गेलेल्या विल्यम शॅकलटन या तरुण सहकाऱ्याला मात्र स्वच्छ आकाश मिळाले. सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी चमकून जाणाऱ्या वर्णपटाचे पहिले छायाचित्र त्याने टिपले. वर्षानुवर्षांची तयारी एका ढगामुळे वाया जाणे म्हणजे काय, हे लॉकियर यांनी एकदा नव्हे, अनेकदा अनुभवले.

विजयदुर्गला ते कधी आले?

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. आदल्या वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. वय होते ६१. या वेळची सावली कोकणातून शिरून थेट ईशान्येकडे गेली. महाराष्ट्रात जणू शास्त्रज्ञांचा मेळाच भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नाएगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल होते. विदर्भातही ब्रिटिश निरीक्षकांचे तळ पडले होते.

लॉकियर यांचा तळ विजयदुर्ग किल्ल्यात होता. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी मदतीला होते. कट्ट्यांचे कारणही इथेच कळते. लांबलचक कॅमेरे जरा हलले तरी छायाचित्र बिघडते, म्हणून त्यांना पक्का चौथरा लागतो.

दिवसेंदिवस कवायत चाले. एक जण उरलेले सेकंद मोठ्याने पुकारणार, दुसरा काचपट्ट्या बदलणार, तिसरा झडप उघडणार. प्रभामंडलाचे चित्र काढणाऱ्यांच्या डोळ्यांवर आधीच पट्टी बांधायची, म्हणजे अंधारात नजर तीक्ष्ण राहते. उपकरणांशी गुंतलेल्यांना वर मान करून पाहायला फारशी सवडच नसे. किल्ल्याबाहेरच्या साध्या माणसाला जे पोटभर पाहता आले, ते या मंडळींना कामातून डोकावून पाहावे लागत होते.

जानेवारीतले कोकणचे आकाश निरभ्र राहिले. सुमारे दोन मिनिटे अंधार झाला आणि काम फत्ते झाले.

मग विजयदुर्गला काय सापडले?

हेलियम नव्हे, पण महत्त्वाचे काही. प्रभामंडलात १८६९ पासून एक हिरवी रेषा दिसत होती. हेही नवे मूलद्रव्य समजून त्याला ‘कोरोनियम’ म्हटले जाई. विजयदुर्गसह १८९८ च्या ग्रहणातील छायाचित्रांवरून तिचे स्थान ५३१.६ नसून सुमारे ५३०.३ नॅनोमीटर असल्याचे स्पष्ट झाले. चुकीच्या जागेवर शोध चालला होता, तो योग्य जागी आला. हे कोडे पूर्ण सुटायला १९४० चे दशक उजाडले. ती रेषा लोखंडाचीच निघाली. फक्त ते लाखो अंशांच्या उष्णतेत तापलेले होते. हेलियमबाबत खरा ठरलेला तर्क कोरोनियमबाबत खोटा ठरला.

लॉकियर यांचे सगळेच अंदाज बरोबर नव्हते. सर्व तारे उल्कांच्या थव्यांतून बनले, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. १९०५ मध्ये स्पेनच्या माजोर्का बेटावरील मोहिमेत पुन्हा ढगांनी घात केला. १६ ऑगस्ट १९२० रोजी डेव्हन परगण्यात, स्वतः उभारलेल्या वेधशाळेजवळ, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी फ्रान्सच्या बर्नार लियो यांनी ग्रहणाशिवाय प्रभामंडल दाखवणारी दुर्बीण बनवली.

आता पुढचे ग्रहण कधी?

२ ऑगस्ट २०२७ चे खग्रास ग्रहण इजिप्तमधून जाईल. लॉकियर यांचे सोहागही त्या पट्ट्यात आहे. भारताच्या पश्चिम भागातून ते खंडग्रास दिसेल. २० मार्च २०३४ ला मात्र कारगिल परिसरातून खग्रास ग्रहण पाहता येईल. सूर्य पूर्ण झाकलेला असतो, तेवढीच मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्याआधी आणि नंतर ग्रहणाचा प्रमाणित चष्मा हवाच.

आणि विजयदुर्गला गेलात, तर साहेबाचे कट्टे जरूर पाहा. मात्र सोबतच्यांना १८६८ ऐवजी १८९८ हे वर्ष सांगा. दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या खऱ्या खुणा त्या वर्षाच्या आहेत.