एडनचा कैदी आणि पळस्प्याचे नाईक

मुंबई-पुणे रस्त्याने धावणाऱ्या गाड्या कोनवरून निघून जातात. शेजारचे पळस्पे आणि पुढचे शिरढोण यांचे १८७९ च्या बंडाशी काय नाते आहे, हे गाडीतल्यांना कोण सांगणार?

वासुदेव बळवंत फडके शिरढोणचे. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई मरणपंथाला लागली तरी साहेबाने रजा दिली नाही. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली. शस्त्रविद्या ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शिकले. जोतीराव फुलेही याच तालमीतले. ब्राह्मण कारकुनाचा गुरू मातंग होता, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

फडक्यांनी आधी पुण्याच्या शिकलेल्या मंडळींना हाक दिली. ती मंडळी सरली मागे. धावून आले ते रामोशी, कोळी, धनगर. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक कोकणात उतरले, त्यांनी पळस्पे आणि चिखली लुटली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळीला बळी पडले. बंडाचा कणाच मोडला.

जुलैत फडके देवर नावडगी येथे पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतले, पण फडक्यांचे स्वतःचे लिखाणच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या कारभारात होते. तिथल्या तुरुंगात त्यांना १८८० मध्ये नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते पळाले. लगेच पकडलेही गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला.

फडक्यांच्या धैर्याला आम्ही कमी लेखत नाही. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट १८८३ नंतर एकशे एक वर्षांनी निघाले, तेही योग्यच झाले. आमची तक्रार 'आद्य क्रांतिकारक' या बिरुदाशी आहे. फडक्यांच्या जन्माआधी तेरा वर्षे, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी, उमाजी नाईकांना इंग्रजांनी पुण्यात फासावर चढवले होते. मग आद्य कोण? दौलतरावांना तर तुरुंगही मिळाला नाही, म्हणून कैद्यांच्या यादीतही त्यांचे नाव नाही. कोन-पळस्प्याच्या जुन्या घरांत त्या मे महिन्याची काही आठवण सांगितली जात असेल, तर वाचकांनी ती आम्हाला जरूर कळवावी.