फाइनमनची थाळी

आपल्या तुकडीतले बरेच जण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांतल्या काहींना आतून सारखे वाटत असेल, की लोकांची आपल्याबद्दल गफलत झाली आहे आणि कधीतरी आपले पितळ उघडे पडणार. त्यांच्यासाठी रिचर्ड फाइनमनची ही हकीगत.

जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कचा. शाळकरी वयात लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचा. महायुद्धात लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामावर असताना फावल्या वेळात गुप्त कागदपत्रांची कपाटे उघडून दाखवायचा, निव्वळ मजेखातर. जून १९४५ मध्ये त्याची पत्नी आर्लीन क्षयाने गेली. त्याच वर्षी तो कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षी वडील गेले. शिकवणे चालले होते, पण संशोधनाला बसले की काही सुचेना. आपण संपलो, असे त्याने तिशीच्या आतच ठरवून टाकले.

आणि नेमक्या याच काळात मोठमोठ्या ठिकाणांहून बोलावणी येऊ लागली. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत आइन्स्टाइन होते, तिथूनही आले. आनंद राहिला बाजूला, त्याने धसकाच घेतला. प्रत्येक बोलावणे त्याला न फिटणाऱ्या कर्जासारखे वाटे. एकदा दाढी करता करता मात्र त्याला हसू फुटले. त्यांनी भलत्या अपेक्षा ठेवल्या असतील तर चूक त्यांची. त्या पुऱ्या करायला आपण कुठे बांधलेले आहोत? लहानपणी खेळायचो तसेच आता भौतिकशास्त्राशी खेळायचे, उपयोग असो वा नसो, असे त्याने ठरवले.

थोड्याच दिवसांत उपाहारगृहात कोणीतरी थाळी हवेत भिरकावली. थाळी डगमगत होती आणि तिच्यावरचे विद्यापीठाचे चिन्ह गरगर फिरत होते. दोन्हींचा वेग सारखा नाही, हे याने टिपले. (बाकावर भोवरा फिरवला म्हणून ज्यांनी आपल्याला वर्गाबाहेर काढले, त्या गुरुजनांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) गणित मांडले, तर दोनास एक असे प्रमाण निघाले. तो धावत हान्स बेथे यांच्याकडे गेला. याचे महत्त्व काय, असे त्यांनी विचारले. काहीच नाही, हे त्याने हसत कबूल केले आणि खेळ चालू ठेवला. थाळीवरून इलेक्ट्रॉनच्या फिरण्याकडे, तिथून युद्धात अर्धवट राहिलेल्या जुन्या प्रश्नांकडे तो नकळत येऊन पोहोचला. त्याच कामासाठी १९६५ चे नोबेल त्याला श्विंगर आणि तोमोनागा यांच्यासोबत मिळाले.

ते नाकारावे का, असेही त्याच्या मनात येऊन गेले होते. पुढे कॅलटेकमध्ये विद्यार्थ्यांच्या नाटकांत हा नोबेलवाला प्राध्यापक बोंगो वाजवायला बसायचा.