ट्रॅव्हिसचा पटर

वॉल्टर ट्रॅव्हिस गोल्फ शिकला तो पस्तिशीच्या उंबरठ्यावर. १८६२ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेत स्थायिक झाला आणि तीनदा तिथला हौशी विजेता ठरला. १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविचला त्याने ब्रिटिश हौशी अजिंक्यपदही पटकावले. हाती होता ‘स्केनेक्टडी’ पटर : चेंडू छिद्रात ढकलायची, दांडा मध्याजवळ बसवलेली नवी काठी. १९१० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी तसल्या पटरवर बंदी घातली. अमेरिकेने ती मानली नाही. पराभवाचा सल त्यामागे असल्याचे तिकडे बोलले गेले. बंदी १९५२ मध्ये उठली. ट्रॅव्हिस १९२७ मध्येच वारला होता. साधनांना मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. पण ती साधन काय करते हे पाहून घालावी, कोण जिंकला हे पाहून नव्हे.